मेंदीखालचे हात

सुमनबाईंच्या हातावर मेंदी काढली ती त्यांच्या लेकीनं, बुद्धप्रियानं. आणि खरं सांगायचं तर ती काही हौसेनं काढली नव्हती, झाकायला काढली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपणच म्हणतो ना? बुद्धप्रियानं आईची मूठ झाकली. ती केवढ्याला पडली, तेवढं ऐका.

मुदखेडला स्टेशनच्या मागच्या गल्लीत नरसिंगरावांचं घर. नरसिंगराव रेल्वेत गँगमन होते, आता पेन्शनीवर. सुमनबाई त्यांची बायको. दोघांना एकुलती एक लेक, ही बुद्धप्रिया. तिला डी.फार्म. शिकवली, लातूरला दिली. नवरा आनंदराज वीज मंडळात, आणि ही तिथल्याच एका औषधाच्या दुकानात. गोळ्यांची नावं तिला लोकांच्या नावांपेक्षा जास्त पाठ. म्हणजे बघा, अडाणी म्हणून सोडून द्यावं अशी सोय नाही.

सुमनबाईंचं गल्लीत एका गोष्टीसाठी नाव होतं. कुणाच्या घरी लेकरू जन्मलं की त्याला न्हाऊ घालायला बोलावणं यायचं ते सुमनबाईंना. न्हाणीत पाय लांब करून बसायच्या, नडग्यांवर लेकरू पालथं घ्यायच्या, तेल जिरवायच्या, कढत पाण्याचा तांब्या असा ओतायच्या की रडणारं लेकरू मधेच गप व्हायचं. मग धुरी, मग काजळ, मग लेकरू जे झोपायचं ते दुपार टळेस्तोवर. त्याचा कुणाकडून रुपया घेतला नाही त्यांनी. घेतला असता तर आज माडी असती, असं नरसिंगराव चिडवायचे. सुमनबाई म्हणायच्या, "माडीला काय चाटायचंय?"

बुद्धप्रियाला दिवस गेले तेव्हा फोनवरच त्यांनी बजावलं होतं, "हे बघ प्रिया, पयलं न्हाणं माझ्या हातचं. तुझ्या सासूला आत्ताच सांगून ठेव."

आणि मग त्यांच्याच पोटात दुखायला लागलं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लावून दिल्या. दोन आठवडे खायच्या, एक आठवडा सोडायच्या, असे कितीतरी फेरे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की ह्या गोळ्यांची आग तळहातात आणि तळपायात उतरते. जास्त झालं तर बोला, डोस कमी करता येतो, लपवू नका.

लपवू नका म्हणाले होते. तेव्हा आईबरोबर जाऊन कान देऊन ऐकणारी बुद्धप्रियाच होती.

सातव्या महिन्यानंतर ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आईचे हात लालबुंद झाले होते. मग सालपटं निघायला लागली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. चालताना सुमनबाई पाऊल कडेवर टाकायच्या. रेशनच्या दुकानात अंगठा मशीनवर उमटेना, तर दुकानदार म्हणाला, "मावशी, अंगठा घरी ठिवून आल्या का?" सुमनबाई हसल्या, दुकानातले सगळे हसले. बुद्धप्रियाला मात्र त्या अंगठ्याची शिसारी आली. कुणाला बोलली नाही. पण आली.

मुलगी झाली. गोरीगोमटी, डोकं भरून जावळ. नरसिंगरावांनी यशोधरा नाव सुचवलं आणि लगेच तिची यशू झाली. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी सुमनबाईंनी न्हाणीत पाट मांडला, तेल कोमट केलं, साडी गुडघ्यापर्यंत ओढून पाय पसरून बसल्या. तळपायाची कातडी फाटलेली, पण चेहरा असा की जणू त्यांचीच ओटी भरायचीय.

"आण गं इकडं तिला."

बुद्धप्रिया दारात उभी राहिली. लेकरू छातीशी. म्हणाली, "माय, तुझे हात बघ की. तिची चामडी किती कवळी हाय. तुझ्या गोळ्या असल्या कडक. काई झालं म्हणजे?"

"माझ्या हातांनी काय व्हतंय?"

"मला म्हाईत हाय ना. मी शिकलेली हाय ना त्यातलं."

ही शिकलेली! असल्या हातांनी लेकराला शिवलं तर काही होतं, असं तिला ना कॉलेजात कुणी शिकवलं होतं, ना डॉक्टर बोलले होते, ना तिनं विचारलं होतं. कढत पाण्यानं आईच्याच हाताची आग वाढेल म्हणाली असती, तर ते तरी खरं होतं. पण ती तसं नाही म्हणाली. सुमनबाईंनी दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, साडी पायावर ओढली आणि पाटावरून उठल्या. दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या आळीतली धोंडाबाई न्हाऊ घालायला यायला लागली. सुमनबाई स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, "मान धर वं धोंडाबाई! कानात पाणी जातंय!" तेवढाच त्यांचा हात लागायचा.

एकदा सुरुवात झाली की असल्या गोष्टींना पाय फुटतात. आधी लेकरू नको. मग लेकराचे कपडे आईनं धुवायचे नको. मग आईचं ताट वेगळं, मग गिलासही वेगळा. पोचा पडलेला एक स्टीलचा गिलास होता, तो बुद्धप्रियानं खिडकीत ठेवला आणि सांगितलं, माय, तू ह्यातच पी. सुमनबाई त्यातच प्यायला लागल्या. त्या लेकरापाशी गेल्या की दोन्ही हात पाठीमागं बांधायच्या आणि वाकून नुसतं तोंडानं बोलायच्या.

नरसिंगराव तसे फार बोलणारे गृहस्थ नव्हते. पण त्या गिलासापाशी त्यांचं डोकं सरकलं.

"हे काय मांडलं खिडकीत?"

"मायचा गिलास हाय, बाबा."

"ते दिसतंय मला. माझ्या बापाला हाटेलात च्या मिळायचा तो भाईर, कान तुटलेल्या कपात. तो कप बी असाच खिडकीत असायचा. ज्याचा त्यानं धुवायचा, अन् परत तितंच ठिवायचा. छप्पन साली त्यानं ते सगळं सोडलं. अन् तू माझ्याच घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, तुझ्या मायचा गिलास येगळा करून राहिली व्हय?"

"बाबा, ते येगळं, हे येगळं. हे आरोग्याचं हाय."

"त्या हाटेलवाल्याला बी काईतरी कारण व्हतंच की," नरसिंगराव म्हणाले. त्यांनी माठातलं पाणी त्याच गिलासात घेतलं, घटाघटा प्यायले आणि बाहेर निघून गेले.

बुद्धप्रियाला राग आला. बापाचा आला, कारण बाप खरं बोलला होता.

मग नामकरणाचा रविवार ठरला. लातूरहून सासरची माणसं येणार, सासूबाई मंजुळाबाई येणार. आता सासरी तिनं सांगितलं होतं की आईच्या पोटात साधी गाठ होती, काढली, बरी झाली. आनंदराजला खरं ठाऊक होतं, पण तो म्हणाला, आत्ता नको, तूच सांग सवडीनं. ती सवड काही आली नव्हती. हात बघितले की सासू विचारणार. विचारलं की कॅन्सर निघणार. कॅन्सर निघाला की सासू लेकरू उचलून लातूरला नेणार. बुद्धप्रियानं आपल्या मनाला हे असं सांगितलं होतं, आणि मन बिचारं ऐकत होतं.

शनिवारी तिनं बाजारातून मेंदीचे कोन आणले. तासाभरात काळीभोर रंगते ती. डब्यावर काय काय रसायनं लिहिली होती, ती वाचता येणारी घरात एकटी तीच होती, आणि तिनं ती वाचली नाही. आईचे हात मांडीवर घेतले. किती दिवसांनी घेतले! फाटलेल्या कातडीवरून तिनं वेलबुट्टी नाही काढली, सगळा तळहातच गोल भरून टाकला, आणि बोटं पेरापर्यंत.

सुमनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"झोंबतंय का गं माय?"

"न्हाई. गार वाटतंय," सुमनबाई म्हणाल्या. "लई दिसानं माझ्यापाशी बसलीस."

बुद्धप्रियानं दुसरा हात भरायला घेतला.

नामकरण झकास झालं. त्रिसरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, भन्तेजींनी आशीर्वाद दिला. सुमनबाई पांढरी साडी आणि पायात मोजे घालून एका कडेला बसल्या होत्या. मंजुळाबाईंचं लक्ष गेलंच.

"अगं बया, ईनबाई! मेंदी लई रंगली की! नवऱ्याचा जीव दिसतोय अजून!"

बायका खदाखदा हसल्या. नरसिंगराव उठून पाणी आणायला गेले. आणि मग मंजुळाबाईंनी भलतंच केलं. त्यांनी यशूला उचललं आणि सरळ सुमनबाईंपुढं धरलं. "घ्या ईनबाई. पाळण्यात तुमीच घाला. आईच्या आईचा मान."

सुमनबाईंचे हात पदरातून अर्धे बाहेर आले आणि तिथंच थांबले. त्यांनी लेकीकडं बघितलं.

आणि बुद्धप्रिया म्हणाली, "नको, आत्या. मायची कंबर धरलीय."

हात पुन्हा पदरात गेले. "हाव, कंबरच धरली बाई," सुमनबाई म्हणाल्या. लेकराला मंजुळाबाईंनीच पाळण्यात घातलं.

तोवर बुद्धप्रियाला वाटत होतं की आपण हे सगळं सासूच्या धाकानं करतोय. पण सासू तर आपणहून लेकरू द्यायला निघाली होती. नको म्हणणारी कोण? पण चार पाहुण्यांत कुठं विचार करत बसता? तिनं पाहुण्यांना पेढे वाटले.

मंगळवारी नांदेडच्या दवाखान्याची तारीख होती. यशूला घरी ठेवता येईना, पाजायचं होतं, म्हणून तीही बरोबर. गाडीत बुद्धप्रियानं आईला सांगितलं, "माय, डॉक्टरपुढं उगं हातापायाचं रडगाणं गाऊ नको. डोस कमी करतील. मग दुखणं उलटलं म्हणजे?"

हे अगदीच खोटं होतं असं नाही. डोस कमी झाला तर, ही भीती तिला खरंच होती. पण मेंदी कुणी लावली, हे विचारलं जाईल ही भीती त्याहून मोठी होती. आईवरचं प्रेम आणि स्वतःची लाज तिनं एकाच गाठोड्यात बांधली होती.

डॉक्टरांपुढं बाहेरपर्यंत रांग. त्यांनी हात बघितले. "वा आजी, मेंदी! काय विशेष?"

"नातीचं नाव ठिवलं."

"छान. दुखतं का? आग?"

"न्हाई."

मोजे काढा, असं त्यांच्या ओठांवर आलं असेल, पण तेवढ्यात फोन वाजला. मग शेजारच्या खोलीत राजकन्या नावाची एकजण बसली होती, तिच्याकडं पाठवलं. राजकन्या उदगीरची, चुणचुणीत पोरगी, ह्याच कामाला नेमलेली. ज्यांना असल्या गोळ्या चालू आहेत त्यांना ती प्रश्न विचारायची. कातडी किती लाल आहे ते डॉक्टरांना दिसतं, पण त्या कातडीपायी माणसाचं जगणं किती अडलंय ते कसं दिसणार? ते विचारूनच मोजायचं. नाही म्हटलं की शून्य, थोडं म्हटलं की एक, असं करत खूपच म्हटलं की वरचा आकडा. बेरीज बघून डॉक्टर डोसचं ठरवायचे.

"ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? पेशंट एकटे असले की मोकळे बोलतात," राजकन्या म्हणाली.

"तिला ऐकायला कमी येतं," बुद्धप्रिया म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. धोंडाबाईच्या हातातला तांब्या स्वयंपाकघरातून ऐकू यायचा तिच्या आईला!

राजकन्या विचारत गेली. कातडीमुळं झोप मोडते का? न्हाई. घरकाम अडतं का? न्हाई. चारचौघांत जायला संकोच वाटतो का? न्हाई बाई, रविवारीच चारचौघं घरी आल्ते.

"कातडीमुळं जवळची माणसं तुम्हाला शिवायला, जवळ घ्यायला टाळतात का?"

सुमनबाईंनी लेकीकडं बघितलं नाही. एरवी प्रत्येक प्रश्नाला बघत होत्या. ह्याच एका प्रश्नाला त्यांनी समोरच्या भिंतीकडं बघितलं.

"न्हाई. लेक हाय ना माझी."

बेरीज शून्य आली. राजकन्या म्हणाली, "आजी, तुम्ही नशीबवान." गोळ्या होत्या तेवढ्याच चालू राहिल्या.

आणि आठ दिवस झाले नाहीत तोच मेंदीखाली फोड उठले. काळ्या रंगाखालून पाणी, मग पू. तळपाय टेकवेनात. ताप भरला. तरी सुमनबाई गोळ्या वेळच्या वेळी घेत होत्या, कारण लेक म्हणाली होती, कमी केल्या तर दुखणं उलटेल. शेवटी एका सकाळी त्या न्हाणीच्या दारातच खाली बसल्या आणि नरसिंगरावांनी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी पट्ट्या भिजवून तो काळा थर सोडवला. खाली जे निघालं ते बघून बुद्धप्रियानं तोंड फिरवलं.

"ही कोनातली विकतची मेंदी आहे," डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला. "अशा हातांवर रसायनाची मेंदी? कुणी लावली?"

खोलीत बुद्धप्रिया उभी, नरसिंगराव उभे. तोंड उघडायला एवढीशी सवड होती.

"मीच लावली," सुमनबाई म्हणाल्या. "म्हातारपणी हौस आली, दुसरं काय."

डॉक्टर बोल बोल बोलले, त्या पडल्या पडल्या ऐकत राहिल्या. आणि बुद्धप्रिया गप्प राहिली. एवढी शिकलेली, तीन वर्षं काऊंटरवर उभी राहून लोकांना गोळ्यांच्या चिठ्ठ्या समजावणारी, तिच्या जिभेला लकवा भरला. नरसिंगरावांनी तिच्याकडं एकदाच बघितलं. नंतर तिनं डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, "सर, तिच्या हातांनी लेकराला काही लागण व्हती का?"

"लागण? अहो, औषधानं कातडी सोलली म्हणून कुठं लागण होते? आता जखम आहे तोवर पट्टी ठेवा, बास. पण एरवी खुशाल घेऊ द्या लेकरू. असं काही होतं म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ती घरी डबा करायला आली, तर खिडकीत तो पोचा पडलेला गिलास. तिनं पाणी भरलं, उभ्या उभ्या त्यातून प्यायली आणि हुंदका फुटला. ओट्याला टेकून रडली. नरसिंगराव दारात आले, बघत उभे राहिले.

"आता तू पिऊन काय उपेग," ते म्हणाले. "तान तिला लागली व्हती."

गोळ्या तात्पुरत्या बंद झाल्या. सुमनबाई घरी आल्या त्या हाताला जाड पट्ट्या बांधून. बुद्धप्रिया त्यांना घास भरवायची, वेणी घालायची, पाय मांडीवर घेऊन मलम लावायची. सासूला फोन करून कॅन्सरचंही सांगून टाकलं. मंजुळाबाई एवढंच म्हणाल्या, "पोरी, आधी सांगितलं असतंस तर मी येऊन राहिले असते की." म्हणजे तीही भीती फुकटचीच निघाली. एवढं सगळं करून झालं, पण ती एक गोष्ट काही तिच्या तोंडातून निघेना. माय, मला तुझी किळस आली होती. हे कसं म्हणायचं? आणि दुसऱ्या कुठल्याही शब्दांत म्हटलं तर ते खोटं.

पुढच्या तारखेला पुन्हा राजकन्याच्या खोलीत. गोळ्या पुन्हा सुरू करायच्या होत्या, त्या किती, ते ह्या उत्तरांवरून ठरणार होतं. ह्या वेळी बुद्धप्रिया आपणहून उठली. "मी भाईर थांबते." पण यशू रडत होती, पट्ट्या बांधलेल्या आईला पाण्याचा गिलासही धरता येत नव्हता, तेव्हा राजकन्याच म्हणाली, असू द्या, बसा.

"कातडीमुळं झोप मोडते का, आजी?"

"न्हाई."

"घरकाम अडतं?"

"न्हाई."

दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या, आणि बाई म्हणते न्हाई! राजकन्यानं पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्ही असंच सांगत राहिलात तर डॉक्टर पुन्हा होत्या तेवढ्याच गोळ्या देतील. मग पुन्हा हेच."

"देऊ द्या की. लेक म्हणती कमी केल्या तर दुखणं उलटतं."

बुद्धप्रियाच्यानं राहवलं नाही. "खोटं बोलती ती! सगळं माझ्यापायी बोलती. मेंदी मी लावली तिला. गिलास मी येगळा केला. लेकरू मी दिलं न्हाई. गल्लीतल्या सगळ्या लेकरांना न्हाऊ घातलं तिनं, अन् माझ्या लेकराला शिवू दिलं न्हाई मी. मला किळस आली व्हती तिच्या हातांची. लिहा तुम्ही. टाळतात का म्हणून विचारता ना? मी टाळलं. खूपच म्हणून लिहा."

राजकन्यानं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ताई, मला ते लिहिता येत नाही. उत्तर पेशंटचंच लागतं. नातेवाइकाचं चालत नाही."

घ्या! इतक्या दिवसांनी ओठावर आलं, तर ते ठेवायला जागाच नाही. बुद्धप्रिया आईपुढं गेली, खाली बसली आणि रडणाऱ्या यशूला आईच्या मांडीवर ठेवलं.

सुमनबाईंनी काय केलं असेल? त्यांनी दोन्ही हात झटकन वर केले, खांद्यापर्यंत, आणि तसेच हवेत धरून बसल्या. दोन महिने लेकराला हात लागू नये म्हणून जपणारी बाई, तिची मांडी भरली तरी हातांना खाली यायची हिंमत होईना.

"माय, हात खाली घे की."

"लागंल तिला."

"न्हाई लागत. डॉक्टर म्हणले. कधीच लागत नव्हतं."

तरी हात वरच. शेवटी बुद्धप्रियानंच आईची कोपरं धरली आणि हळूहळू हात खाली आणून लेकराच्या अंगावर टेकवले. पट्टी यशूच्या गालाला घासली, आणि यशूनं पाय झाडला तो नेमका तळहातावर.

"आई गं!" सुमनबाई कळवळल्या. पण हात काढून घेतला नाही. यशू गप झाली होती.

"लिव्ह बाई," त्या राजकन्याला म्हणाल्या. आता डोळ्यांतून धारा लागलेल्या. "दुखतं. लई दुखतं. रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई. भाकर थापता येत न्हाई, तांब्या धरता येत न्हाई. पाय टेकला की जीव जातो. रेशनवाला हसला तवा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं लिव्ह."

राजकन्या पहिल्या प्रश्नावर परत गेली आणि एकेक प्रश्न पुन्हा विचारत मोठे आकडे मांडत खाली आली. बुद्धप्रिया तशीच खाली बसून ऐकत होती. प्रत्येक आकडा तिला आपल्या अंगावर हवा होता.

"आता शेवटचा, आजी," राजकन्या म्हणाली. "जवळच्या माणसांनी तुम्हाला शिवायचं, जवळ घ्यायचं टाळलं का?"

"न्हाई," सुमनबाई म्हणाल्या.

"थोडंसंही?"

"एक डाव न्हाई म्हणलं ना. अजिबात न्हाई."

"माय..." बुद्धप्रियानं तोंड उघडलं.

"तुला इचारलं व्हय तिनं?" सुमनबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या, आणि पट्टी बांधलेला हात यशूच्या जावळावरून फिरवत राहिल्या.

राजकन्यानं बुद्धप्रियाकडं एकदा बघितलं आणि शून्यावर खूण केली. बाकीच्या आकड्यांची बेरीज घेऊन ती डॉक्टरांकडं गेली, आणि त्या दिवशी गोळ्या कमी झाल्या. त्या शून्याचं काय करायचं, हे मात्र कुणालाच विचारता येण्यासारखं नव्हतं. ते बुद्धप्रिया पदरात बांधून मुदखेडला घेऊन आली.